पोट लहान करायचं ऑपरेशन : सत्तर वर्षांचा हिशेब

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करावं का, हा प्रश्न आता आपल्या तालुक्याच्या गावातही विचारला जायला लागलाय. शहरातल्या दवाखान्यांची शिबिरं इथं होतात, स्टँडसमोर आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो असलेले फ्लेक्स लागतात, आणि मग लोक पत्रकाराला फोन करतात, "साहेब, हे खरं असतं का हो?" चौकात विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात. एक, ही सगळी श्रीमंतांची चोचली आहेत, चार दिवस भाकरी कमी खाल्ली तर जमतं. दुसरं, एकदा कापून घेतलं की सुटलो. माझ्या मते दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. का चुकीची, ते या ऑपरेशनचा इतिहास वाचला की कळतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सल्ला देणार नाही. इतिहास सांगतो आणि शेवटी आपल्या कामाच्या दोन-चार गोष्टी सांगतो.

लठ्ठपणाला आजार मानणं काही नवीन नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्यायच आहे. त्यात शरीराच्या आठ अवस्था निंद्य मानल्यात आणि त्यातल्या अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांवर सविस्तर लिहिलंय. दोघांत कृश बरा, कारण स्थूलावर उपचार करणं जास्त अवघड, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे वजन उतरवणं अवघड असतं, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं.

शस्त्रक्रियेची गोष्ट मात्र सुरू होते ती लठ्ठपणापासून फार दूर. १८८१ साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जनने कॅन्सरसाठी जठराचा भाग कापून उरलेलं जठर आतड्याला जोडलं आणि पेशंट ऑपरेशनमधून वाचला. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या सेझार रू यांनी आतड्याची इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी रूढ केली. आजच्या बायपासला 'रू-एन-वाय' म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. नंतरची कित्येक दशकं अल्सरसाठी जठर कापणं हे सर्जनचं रोजचं काम होतं. जठर कापून कुठं जोडायचं ही विद्या तयार होती. ती वजनासाठी वापरायची कल्पना मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आली.

आणि पहिली कल्पना जठराची नव्हतीच, आतड्याची होती. लहान आतडं साधारण सहा मीटर, म्हणजे वीस फूट लांब. अन्न पचून रक्तात जातं ते तिथं. मग तेच लांबीला कमी केलं तर? १९५२ साली स्वीडनमध्ये व्हिक्टर हेन्रिकसन यांनी एका बाईच्या आतड्याचा भाग कापून काढला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड व्हार्को, अर्नोल्ड क्रेमेन आदी मंडळींनी आतडं न काढता त्याला वळसा घालायची पद्धत सुरू केली. १९६० च्या दशकात पेन आणि डीविंड या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी मापच ठरवून दिलं. आतड्याचा सुरुवातीचा १४ इंच भाग शेवटच्या ४ इंचांना जोडायचा, बाकी सगळं बाजूला. म्हणजे वीस फुटांतलं दीड फूट आतडं कामाला ठेवायचं.

वजन उतरलं, भराभर उतरलं. माणूस हवं तेवढं खातोय आणि तरी बारीक होतोय, याहून चांगलं काय? हजारो लोकांनी ही ऑपरेशनं करून घेतली. हिशेब यायला सुरुवात झाली ती नंतर. दिवसातून कितीतरी वेळा जुलाब. शरीरातलं पोटॅशियम, कॅल्शियम वाहून जायचं. न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवायची, त्यामुळे ऑक्झलेट नावाचा पदार्थ मोकळा राहून रक्तात जायचा आणि मूत्रपिंडात खडे व्हायचे. काहींची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. बाजूला टाकलेल्या आतड्यात जंतू वाढायचे, सांधे दुखायचे. सगळ्यात वाईट म्हणजे काहींचं यकृत निकामी झालं आणि माणसं दगावली. कित्येकांना पुन्हा टेबलावर घेऊन आतडं पूर्ववत जोडावं लागलं. १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन जवळपास बंद पडलं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. या ऑपरेशनचा पहिल्या सहा महिन्यांचा निकाल झकास होता. पेशंट खूश, डॉक्टर खूश. त्याचं खरं रूप कळायला काही वर्षं जावी लागली, आणि कळलं ते फक्त कुणीतरी त्या पेशंटांची वर्षानुवर्षं तपासणी करत राहिलं म्हणून.

आता एडवर्ड मेसन. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढलाय, ते लोक नंतर बारीकच राहतात, वजन वाढवावं म्हटलं तरी वाढत नाही, हे सर्जन मंडळींना रोज दिसत होतं. बाकीच्यांना ती ऑपरेशनची खोट वाटायची. मेसन यांनी त्यातच उपाय शोधला. १९६६ साली त्यांनी चिकाशी इटो या सहकाऱ्याबरोबर लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करायचा आणि तो थेट आतड्याला जोडायचा. आजच्या बायपासमध्ये हा कप्पा सुमारे ३० मिलिलीटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे भरतील एवढा ठेवतात. नेहमीचं जठर एक ते दीड लिटर धरतं, यावरून फरक ओळखा.

मेसन यांना 'लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे जनक' म्हणतात. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. १९८० च्या दशकात त्यांनी देशभरातल्या सर्जनकडून पेशंटांची माहिती गोळा करून नोंदवही तयार करायला घेतली. कुणाचं काय ऑपरेशन झालं, किती वजन उतरलं, कुणाला काय त्रास झाला, सगळं एका जागी. १९८३ साली अमेरिकेत या सर्जनांची संघटना झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. १९८० साली त्यांनी स्वतःच बायपासपेक्षा सोपं एक ऑपरेशन काढलं होतं. जठराला उभे टाके घालून छोटा कप्पा करायचा आणि त्याच्या तोंडाशी पट्टी बसवायची. आतड्याला हात लावायचा नाही. काही वर्षं ते खूप चाललं. पण पुढच्या तपासण्यांत दिसलं की बऱ्याच लोकांचं वजन परत चढलंय. भाकरी-पोळी खाली उतरत नाही म्हटल्यावर लोक आइस्क्रीम, मिल्कशेक, गोड पातळ पदार्थांकडे वळले होते. पट्टीचाही त्रास व्हायचा. हेही ऑपरेशन मागं पडलं. मेसन २०२० साली वयाच्या शंभराव्या वर्षी गेले.

नंतरच्या काळात तेच चक्र फिरताना दिसतं. इटलीतल्या जेनोवात निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ साली जठर आणि आतडं दोन्हीवर काम करणारं ऑपरेशन केलं. वजन उत्तम उतरायचं, पण प्रोटीन आणि जीवनसत्त्वांची कमतरता व्हायची. मग सिलिकॉनची पट्टी आली, जी बाहेरून सुईने पाणी भरून घट्ट-सैल करता येते. १९९३ साली बेल्जियममध्ये मितिकू बेलाशू यांनी ती दुर्बिणीतून बसवली. हे बेलाशू मूळचे इथिओपियाचे. साधारण त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ॲलन विटग्रोव्ह यांनी बायपासही दुर्बिणीतून केला. मोठी चीर गेली, चार-पाच छिद्रांवर काम भागू लागलं. पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागला आणि मागणी एकदम वाढली. २००१ साली अमेरिकेने पट्टीला परवानगी दिली. दहा वर्षं पट्टीचा बोलबाला होता. मग पट्टी सरकते, जठरात रुतते, वजन अपेक्षेइतकं उतरत नाही हे दिसू लागलं आणि लोक ती काढून घ्यायला येऊ लागले.

आज आपल्याकडे सर्वात जास्त ऐकू येतं ते 'स्लीव्ह'. त्याचा जन्म तर ठरवून झालेलाच नाही. फार जास्त वजनाच्या पेशंटना मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नाही, म्हणून मिशेल गाग्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास ते दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उभा कापून काढायचा, उरतं केळ्याच्या आकाराचं, चहाच्या कपाइतकं जठर. वजन थोडं उतरलं की दुसरा टप्पा. पण बऱ्याच पेशंटांचं वजन पहिल्या टप्प्यातच एवढं उतरलं की दुसऱ्याची गरज उरली नाही. पहिला टप्पा हेच स्वतंत्र ऑपरेशन झालं. त्यालाही त्याची दुखणी आहेत. आम्ल वर येऊन छातीत जळजळ वाढणं हे त्यातलं मोठं. आणि कापलेलं जठर परत बसवता येत नाही.

या सगळ्या धडपडीतून एक शोध मात्र असा लागला की लठ्ठपणाकडे बघायची नजरच बदलली. १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीस यांनी आपल्या बायपासच्या पेशंटांचा अहवाल छापला. ऑपरेशनआधी पक्का मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली होती आणि तशीच राहिली होती. वजन उतरलं की साखर उतरते हे माहीतच होतं. पण इथं साखर उतरायची ऑपरेशननंतर काही दिवसांतच, वजन फारसं उतरायच्या आधी! म्हणजे जागा कमी झाली म्हणून माणूस कमी खातो, एवढंच यात घडत नव्हतं. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी जठरातून निघणारं, भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. २००२ मध्ये अमेरिकेत दिसलं की बायपास झालेल्यांच्या रक्तात ते फारच कमी असतं. एरवी डाएट करून वजन उतरवलं की घ्रेलिन वाढतं, म्हणजे शरीर जास्त भूक लावतं. बायपासनंतर आतड्यातून निघणारं जीएलपी-१ हे संप्रेरकही वाढतं, जे इन्सुलिनला मदत करतं आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूला देतं.

हे नीट समजून घ्या, कारण चौकातल्या पहिल्या उत्तराचं उत्तर इथं आहे. शंभर-सव्वाशे किलोचा माणूस उपाशी राहून दहा किलो उतरवतो आणि वर्षभरात बारा किलो परत चढतं, तेव्हा आपण म्हणतो, "जिभेवर ताबा नाही." प्रत्यक्षात त्याचं शरीर भूक वाढवून गेलेलं वजन परत मिळवायला झटत असतं. त्याला हिणवून काहीच साधत नाही. आपल्या लग्नकार्यांत, शाळांत, अगदी डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये अशा माणसांची जी टिंगल होते, ती थांबली तरी पुष्कळ.

ऑपरेशनने आयुष्य वाढतं का? याचं सर्वात भक्कम उत्तर स्वीडनमधून आलं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या अभ्यासात ऑपरेशन केलेले २०१० आणि न केलेले २०३७ लोक होते. २००७ साली निकाल छापला. ऑपरेशनच्या गटात मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. धोकाही शून्य नाही. २००९ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन होतं. ही चांगल्या, अनुभवी केंद्रांतली आकडेवारी आहे, हे विसरू नका.

आता आपल्याकडे येऊ. भारतात या सर्जनांची संघटना २००२ साली झाली. सर्वसामान्यांच्या तोंडी हा विषय आला तो नेत्यांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरी यांचं आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांचं ऑपरेशन झालं. दोघांनाही मधुमेह होता. मग २०१७ साली इजिप्तमधल्या एका अतिशय जास्त वजनाच्या महिलेला खास विमानाने मुंबईत आणलं, तेव्हा टीव्हीवर आठवडेच्या आठवडे तोच विषय होता. मुंबईत ऑपरेशन झालं, पुढं तिला अबुधाबीला हलवलं आणि त्याच सप्टेंबरात ती गेली. किती किलो उतरलं याचे आकडे आपण सगळ्यांनी चवीने छापले. ती आधीपासून किती आजारी होती, हे मात्र थोड्यांनीच छापलं.

पण भारतातला खरा प्रश्न पाचशे किलोच्या माणसाचा नाही. तो आपल्यातुपल्यात आहे, आणि तो पुण्याच्या डॉक्टरांनी जगाला दाखवून दिला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे दिसायला सारखेच सडपातळ, पण भारतीय शरीरात चरबी दुपटीहून जास्त. आपल्याला मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात का गाठतो, त्याचं मोठं कारण यात आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत.

आणि इथंच आपल्या खिशाचा प्रश्न येतो. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. अमेरिकेत १९९१ साली ठरलं की बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. आपल्या शरीराचा विचार करून आशियाई तज्ज्ञांनी हे आकडे ३७.५ आणि ३२.५ वर आणले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते आणखी खाली आणले आणि आशियाई लोकांना २७.५ पासून ऑपरेशन देता येईल असं म्हटलं. पण विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेलं कलम अजून ४० आणि ३५ च मागतं. त्यातही ३५ साठी हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा लागतो.

साधं गणित करू. पाच फूट पाच इंच उंचीचा आपल्या गावचा माणूस, वजन ९० किलो, मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात येत नाही. बीएमआय साधारण ३३. डॉक्टरच्या पुस्तकात तो ऑपरेशनला पात्र आहे. विम्याच्या कागदावर तो अजून पाच-सहा किलोने कमी पडतो! म्हणजे अमेरिकन माणसासाठी, तेही तीस वर्षांपूर्वी ठरवलेलं माप लावून आपला क्लेम नाकारला जाणार. खर्च लाखांत जातो. शेत नाहीतर दागिने विकून हे ऑपरेशन करणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी हा आकडा किरकोळ नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी विचारायला हवा असा हा प्रश्न आहे. आतापर्यंत मला तो कुणी विचारलेला ऐकू आला नाही.

दुसरी गोष्ट ऑपरेशननंतरची. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच. या ऑपरेशननंतर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर लागतात. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ आधीच कमी असतं. सतत उलट्या होत राहिल्या आणि बी-१ कमी पडलं तर नसांना आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. स्लीव्ह किंवा बायपासच्या टाक्यांतून गळती झाली तर जिवावर बेतू शकतं, आणि अशा वेळी तातडीने सर्जन लागतो. आता विचार करा. ऑपरेशन पुण्या-मुंबईत, पेशंट आपल्या गावी. रात्री दोनला पोटात कळ आली तर जायचं कुठं? ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला पेशंटचं काय ऑपरेशन झालंय, हे तरी कळेल का?

म्हणून कुणी शिबिराला जाणार असेल तर एवढं विचारून या. माझ्यासाठी हेच ऑपरेशन का, दुसरं का नाही? पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे ज्यांची झाली, त्यातले किती जण आजही तपासणीला येतात? त्रास झाला तर माझ्या गावापासून सर्वात जवळ कोण बघेल? वर्षाला गोळ्या-तपासण्यांचा खर्च किती? आणि डिस्चार्जचा कागद नीट, वाचता येईल असा मागून घ्या. तो पाकिटात ठेवा, कपाटात नको. मागं सांगितलेल्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दलही हेच. ती २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलीत, आणि बायपासनंतर वाढणाऱ्या त्याच जीएलपी-१ ची ती नक्कल करतात. ती बंद केली की वजन परत चढतं, हे अभ्यासांत दिसलंय. तिथंही पाच वर्षांचा विचार करूनच पाऊल टाका.

ज्यांचा विमा क्लेम बीएमआयच्या आकड्यावरून नाकारला गेलाय, त्यांनी कारण लेखी घ्यावं. आधी कंपनीकडे तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. आपल्या तालुक्यात अशी प्रकरणं असतील तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही. चार-पाच कागद जमले की खासदारांच्या पुढे ठेवता येतील.